अख्खा निघालेला दरवाजा

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत, पण बुऱ्हाणपुरातल्या त्या दरवाजाची घटना काल घडल्यासारखी आठवते.

तापीकाठच्या एका पडक्या सराईला तो सागवानी दरवाजा होता. आत छप्पर नव्हते, भिंती अर्ध्या ढासळलेल्या. दरवाजा मात्र धड. दोन झडपा, त्यांवर कोरलेली कमळे, आणि एक झडप ढकलली की कमानीतून थेट नदी दिसायची. माझे लहानपण कागद कारखान्याच्या वसाहतीत, पत्र्याच्या दारामागे गेले. शिपाई म्हणून भरती झालो, टीआय म्हणजे ठाण्याचा प्रमुख झालो. पण सराईवरून जाताना जीप थांबवायची सवय काही सुटली नाही.

एका सकाळी ठाण्यात खबर आली, दरवाजा गेला. पंचनाम्याला गेलो तर कमानीच्या दगडावर साधा ओरखडाही नव्हता. आदल्या दुपारी तिघे जण दुरुस्तीचे पत्र घेऊन आले होते. पत्रावरचा शिक्का खोटा निघाला. आणि निवृत्तीला सहा महिने उरलेल्या, सराईच्या चौकीदाराने स्वतः त्यांना झडपा उतरवून दिल्या होत्या.

मला एवढे पुरे होते. म्हाताऱ्याला समोर बसवून चार तास झापले. वरून साहेबांचे फोन चालू होते, आज अटक दाखवा म्हणून. तो एकच सांगत राहिला. "आरी लावत होते, साहेब. कापून टाकला असता. मी म्हटलं, थांबा रे बाबांनो, वर उचला, आपोआप निघते."

जुन्या दरवाजांना बिजागरी नसते. झडपेची खुंटी दगडातल्या खाचेत फिरते. नेमकी उचलली तर झडप अलगद सुटते. हे सांगितले म्हणजे तो सामील, असे माझे गणित. अटकेचे कागद तयार करायला मी मुन्शीला सांगूनही टाकले.

तेवढ्यात माझा एक खबरी केळीच्या मंडीतल्या हमालाला घेऊन आला. हमाल जवळच्या तुकईथड गावचा, कमी बोलणारा. आदल्या दिवशी एका ट्रकमध्ये ताडपत्रीत गुंडाळलेले मोठे लाकडी तक्ते होते, त्यांवर केळी रचायचे काम त्याला मिळाले होते. "केळी वाचवाची तर मधी हिरवं पान टाकतात, साहेब. ते लोक सुकंच टाका म्हणे. मी हसलो बी. केळी मरू दे, पण तक्त्याले चीक नको लागाले."

केळीच्या ओल्या पानाचा चीक लाकडाला लागला की काळा डाग कायमचा. केळीपेक्षा लाकडाची काळजी करणारा ट्रक! कागद बाजूला ठेवायला सांगून मी त्या ट्रकच्या ड्रायव्हरला उचलले. त्याने शहराबाहेरच्या जुन्या सामानाच्या एका गोदामाचा पत्ता दिला.

साध्या कपड्यांत, दोन पंचांना भाऊ म्हणून सोबत घेऊन, गिऱ्हाईक बनून गेलो. घासाघीस हा माझा जुना गुण. भाजीवालेसुद्धा मला टाळतात. दरवाजा दिसताच तोंड वाकडे केले. म्हणालो, माल केळीच्या गाडीतून आलेला दिसतो, चिकाचे डाग पडलेत, फुकटही नको. व्यापारी भडकला. "एक डाग दाखवा, भाईसाब. नीचे से ऊपर तक सुकी पानं टाकून आणलाय."

पंचांनी ऐकले. मी ओळखपत्र काढले. खोटे पत्र त्याच्याच गल्ल्यात सापडले.

प्रशस्तिपत्र फोन करणाऱ्या साहेबांना मिळाले. माझे नाव अहवालात कुठेच नव्हते, पुढची बढतीही अडली. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

चौकीदाराला मी आरोपी न करता साक्षीदार केले. कोर्टात बचावाच्या वकिलाने टोमणा मारला, "म्हणजे चोरांना तुम्हीच मदत केली?" म्हातारा शांतपणे म्हणाला, "हो वकीलसाहेब, केली. चोर तुमी पकडू शकता. कापलेला दरवाजा कोन जोडणार होता?"

दरवाजा परत बसला, तोही त्याच्याच देखरेखीखाली. त्या चार तासांत मी त्याला दरवाजा कोणी नेला हे शंभरदा विचारले. तो अख्खा कसा निघाला, याचा विचार एकदाही केला नाही. तो हमाल वेळेवर आला नसता, तर एका भल्या माणसाचे शेवटचे सहा महिने माझ्या सहीने कोठडीत गेले असते. सही झाली नाही, याचे आभार मी आजही त्या हमालाचे आणि त्याला आणणाऱ्या खबऱ्याचेच मानतो.