बाबा म्हणायचे, ब्रेक कडक लागतो

मंडळी, आजची गोष्ट सांगते.

बाबा महिनाभर सांगत होते, "ब्रेक कडक लागतो." आम्ही शहाण्यांनी ठरवलं, वय झालं, पायात जोर राहिला नाही. त्यांच्या जुन्या गाडीची किल्लीच काढून घेतली.

आज त्यांना शेजारी बसवून मी निघाले. निजामपुऱ्यात अचानक स्कूटर आडवी आली. ब्रेक दगडासारखा! हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो.

जवळच्या छाणीहून मेकॅनिकला बोलावलं. इंजिनाकडून ब्रेकला जाणारी रबरी नळी चिरली होती, तिथून हवा आत ओढली जात होती, म्हणून ब्रेकला इंजिनाची मदत मिळत नव्हती. त्यानं चिरेवर बोट दाबताच थरथरणारं इंजिन शांत झालं. गुजरातीत म्हणाला, "बेन, काका साचा हता." काकांचंच खरं होतं.

त्यानं नवी नळी बसवली. मी किल्ली पुढे केली. बाबांनी ती घेतली नाही, डावीकडचं दार उघडून पुन्हा शेजारच्या सीटवर बसले.

आता माफी कुठल्या तोंडानं मागू?