हरलेल्यानं वाचायचं

वकिलांनी सतत शिकत राहिलं पाहिजे, असं आता जो तो सांगतो. त्यासाठी पणजीत शिबिरं भरतात. थंडगार सभागृह, पाहुण्यांना शाल, दुपारी जेवण आणि निघताना हातात प्रमाणपत्र. मी डिचोलीत वकिली करते आणि अशा बऱ्याच शिबिरांना इमानेइतबारे जाऊन आले आहे. जेवण चांगलं होतं, एवढं शपथेवर सांगू शकते. बाकी वकिली म्हणून जी काही येते ती नदीकाठच्या चोपडे गावात मालतीबायकडे शिकले. तिथं प्रमाणपत्र नव्हतं. चहा आणि पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम गोल उंडे मिळायचे.

मालतीबाय म्हणजे अॅडव्होकेट मालती कोरगावकर. पेडण्याच्या कोर्टात तिची उभी हयात गेली, आता सत्तरी उलटलीय. मी मूळची मयेची, पण सनद मिळाल्यावरची पहिली वर्षं तिच्या हाताखाली काढली. कुणी मॅडम म्हणून हाक मारली की ती मागं वळून बघायची, कोण आलंय म्हणून. त्यामुळं पक्षकारांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मालतीबायच राहिली.

तेव्हा चोपड्याला पूल नव्हता. म्हापशाची कामं आटोपून येताना शिवोलीला फेरीबोट धरावी लागायची. अशाच एका शनिवारी मालतीबाय एक दावा हरून परतत होती. फेरी सुटल्यावर तिनं पिशवीतून निकालाची प्रत काढली आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून आम्हा बरोबरच्या वकिलांना वाचून दाखवली. माझं कुठं चुकलं ते तुम्हालाही कळू दे, म्हणाली, म्हणजे पुढच्या वेळी निदान नवी चूक करू. तिथून प्रथा पडली. दर शनिवारी फेरीत वर्ग, आणि जो हरला त्यानं वाचायचं. न्यायाधीशांना नावं ठेवायची नाहीत. हरलेल्याची समजूत काढायची नाही. वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा: अशीच केस परत आली तर काय करशील? जिंकलेल्याला तोंड उघडायची परवानगी नव्हती, त्यामुळं काही पुरुष मंडळींचा जीव कासावीस व्हायचा.

नदी तशी काही मिनिटांतच ओलांडून व्हायची. निकाल लांबलचक असला तर आम्ही चोपड्याला उतरायचोच नाही, तशाच परत शिवोलीला जायचो आणि पुन्हा परत यायचो. फेरीवरच्या खलाशांनाही गोडी लागली होती. मोठ्या जमिनीच्या खटल्याचा निकाल अर्ध्यावर राहिला तर पुढच्या शनिवारी तेच विचारायचे, त्या धाकट्या भावाचं काय झालं म्हणून. खारा वारा, डिझेलचा वास, हातात फडफडणारी पानं आणि मालतीबायचा खणखणीत आवाज. मला आजही कायदा म्हटला की हेच आठवतं.

पूल झाला तेव्हा सगळे खूश झाले, मीही झाले. वर्ग मालतीबायच्या बलकावात आला, म्हणजे घराच्या पुढच्या दाराशी समोरासमोर दोन बाकं असतात तिथं. मी लग्न होऊन डिचोलीला आले. खाणींचे दिवस होते, ट्रकांच्या अपघातांचे दावे चालवता चालवता केस पांढरे झाले, मग खाणी थांबल्या तसे दावेही आटले. पण शनिवारचं चोपडं मी सहसा चुकवलं नाही.

चोवीस सालच्या जुलैत फौजदारी कायदे आणि पुराव्याचा कायदा एका दमात बदलले. आमची आयुष्यभर पाठ केलेली कलमं एका सकाळी निकामी झाली. एखाद्याला चारशेवीस म्हणण्यात जी मजा होती ती नव्या आकड्यात नाही, अशी मी कुरकुर करत होते. मालतीबायनं कुरकुर केली नाही. तिनं नवी पुस्तकं मागवली आणि फर्मान काढलं की दर शनिवारी थोडं थोडं वाचून संपवायचं. वाचायचं काम प्रतीक्षाकडे दिलं. ती तिची आत्ताची ज्युनियर, मांद्र्याची, आवाज स्वच्छ. वाचन संपेपर्यंत उन्हं उतरलेली असायची.

आणि मग बाबलीचा दावा आला. बाबली चोपड्याचाच, नदीत जाळं टाकून पोट भरणारा. त्याच्या घरापासून होडीपर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर शेजारच्या जमिनीच्या नव्या मालकानं भिंत घातली आणि इथं वाट कधी नव्हतीच, असं कोर्टात सांगितलं. वाट होती याचा सज्जड पुरावा म्हणजे बाबलीच्या भाच्याच्या मोबाईलवरचं चित्रण. मालतीबायनं ते दाखल केलं, ते खरं असल्याचं सोबतचं प्रमाणपत्रही जोडलं. दावा फेटाळला गेला. बाबली खांद्यावर जाळं घेऊन अख्ख्या वाड्याला वळसा घालू लागला.

त्या आठवड्यात मालतीबायचा फोन आला. या शनिवारी येऊ नको, म्हणाली, आणि काळा कोट कुणाला हवा असेल तर विचार. माझं डोकं फिरलं. आम्ही इतकी वर्षं सगळ्यांसमोर आमची लाज वाचून दाखवली, आणि आता हिची पाळी आली तर वर्ग बंद? ती वाचणार नसेल तर यापुढं कुणीच वाचणार नव्हतं, आणि बाबलीच्या अपिलाची मुदत तशीच निघून गेली असती. शनिवारी मी गाडी काढली ती तावातावानंच.

बलकावात प्रतीक्षा मान खाली घालून बसली होती. मालतीबाय आत होती. मी दारातूनच तिला चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात बाबली आला. त्यानं पायरीखाली चपला काढल्या.

"बाय, माका निकाल इंग्लिशीतलो कळना नाय," तो म्हणाला. "शनवारी तुमी वाचतास म्हणान इलंय. माजी वाट खय गेली ती तरी आयकतंय."

मग मालतीबाय बाहेर आली, चष्मा लावला आणि बाबलीच्या समोरच्या बाकावर बसली.

"हरलंय मी, बाबली. मगे मीच वाचतलंय."

तिनं एकेक परिच्छेद वाचला आणि त्याला त्याच्या बोलीत सांगितला. मोबाईलच्या चित्रणापाशी ती आली. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की नव्या कायद्यात अशा पुराव्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एकावर मोबाईल सांभाळणाऱ्याची सही आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची. इथं जुन्या पद्धतीचं एकाच सहीचं प्रमाणपत्र आहे, म्हणून चित्रण विचारात घेता येत नाही. मालतीबाय थांबली. हे आपण वाचलं नव्हतं का, तिनं प्रतीक्षाला विचारलं.

प्रतीक्षाचे डोळे भरले. वाचलं होतं, ती म्हणाली. ते कलम आलं तेव्हा तुम्ही आत होता, आमच्यासाठी चहा ठेवायला गेला होता. नंतर दाव्याचे कागद तुम्ही स्वतः तयार केलेत, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार.

मला एकदम सगळे शनिवार आठवले. फेरीत असताना तिचा एक शब्द कधी सुटला नव्हता, कारण तिथं चूल नव्हती. वर्ग घरी आला आणि दर शनिवारी ती मधेच उठू लागली, आम्ही उंडे चहात बुडवून खात राहिलो आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला बाबलीकडे बघवेना.

मालतीबायनं मात्र निकाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग नेहमीचा प्रश्न कुणी विचारेना. आमच्यात तो तिला विचारायची कुणाची छाती होती? शेवटी बाबलीनंच विचारला. त्याला प्रथा माहीत होती, अख्ख्या चोपड्याला माहीत होती.

"परत अशी केस इली तर काय करशात, बाय?"

"परत कित्याक? हीच केस घेवन अपिलात जातलंय," ती म्हणाली. "दोन सह्यांचा प्रमाणपत्र जोडूक परवानगी मागतलंय. उबी प्रतीक्षा रवतली. मी तिच्या बाजूक बसान शिकतलंय."

अपील दाखल झालं आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, वकिलानं सांगूही नये. बाबली अजून वळसाच घालतो. पण त्यानंतरच्या शनिवारी वर्ग भरला. डिचोलीतला एक दावा मी हरले होते, म्हणून वाचायची पाळी माझी होती. अर्ध्यावर आल्यावर माझं लक्ष मालतीबायकडे गेलं. चहाची वेळ झाली होती, आणि सवयीनं तिचे पाय बाकाखाली चपला शोधत होते. मी वाचन थांबवून उठले, चहा मी टाकते म्हणाले.

तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस गो. वाचून संपल्याबगर कोणीच उठूचा नाय."

मी पुढं वाचायला लागले. त्या दिवशी चहा दिवेलागणीला मिळाला, आणि उंडे थंड झाले होते.