बरगड्यांचा बुद्ध

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी घरातले पितळी देव फडक्यात बांधून नदीत सोडले. भिंतीवरचे नाग मात्र मायने स्वतः पुसले, कारण ते तिनेच काढलेले होते. नागपंचमीला वस्तीतल्या बहुतेक घरांत गेरूने नाग काढायला तिलाच बोलावत. एखाद्या नागाला माणसाचं तोंड असे, तर एखाद्याच्या फण्यावर तान्हं मूल. तिच्या सासूने शिकवलं तसं ती काढायची. त्या दिवशी तिने सगळ्यावर शेणाचा हात फिरवला आणि पुढची पाच-सहा वर्षं कुठल्याच भिंतीला रंग म्हणून लावला नाही.

आमचं गाव वणीजवळ. वस्तीने मातीची, कवेलूंच्या छपराची एक खोली बांधली आणि तिला विहार म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी यवतमाळला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होते. चित्रकलेच्या सरांना मी मायच्या नागांबद्दल सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत निघाले तेव्हा त्यांनी एक जाड पुस्तक हातात ठेवलं. त्यात देशोदेशींच्या जुन्या बुद्धमूर्तींचे फोटो होते. "आईंना दाखवा," एवढंच म्हणाले.

मायला वाचता येत नव्हतं. तिने हात धुतले, लुगड्याला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

"याच्या डोक्यावर ह्या गोगलगायी कायच्या?"

"केस हायेत थे, माय."

"आन् कान काहून एवढे लोंबते?"

हजार हातांची एक मूर्ती बघून ती हसली. मग एका पानावर थांबली. त्या मूर्तीचे डोळे खोल गेलेले, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा.

"याले कोनी जेवू घातलं नाई का?"

मी तिला ती गोष्ट सांगितली. ज्ञान मिळावं म्हणून त्याने अन्न सोडलं, शरीर वाळलं, पण हाती काही लागलं नाही. शेवटी एका बाईने खीर दिली, ती त्याने खाल्ली आणि मग तो झाडाखाली बसला. माय पान उलटेना.

विहाराच्या भिंतीवर बुद्ध काढायचं काम तिच्याकडेच आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने गेरू आणि पांढरी माती कालवली. दुपारपर्यंत भिंतीवर बरगड्या उमटल्या.

विहाराची व्यवस्था माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, बघत. ते दारातच थबकले.

"हे काय काढून राह्यली? क्यालेंडरवर कसा तेजदार हाये! लोकं म्हनतीन, यायचा देव उपाशी."

माय मोठ्या दिराशी कधी समोरासमोर बोलत नसे. तिने पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "सांग तुह्या मोठ्या बाबाले, थो देव नोहे, मानूस हाये. आन् उपाशी होता, म्हून उपाशी काढला. आपल्याले उपास का नवा हाये?"

मला काही सांगायची गरजच पडली नाही. मोठे बाबा आत येऊन चित्रासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता भिंत पुसायला सांगतील.

"मंग थे खीर देनारी बाई कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

माय गडबडली. "काढतो म्हनाव," ती मला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिने ती बाई काढली. आमच्याकडल्या बायांसारखं लुगडं नेसलेली, हातात खिरीने भरलेला पितळी गंज, अंगाने चांगली धडधाकट. बुद्धापेक्षा बाईच मोठी झाली होती. त्यावरून वस्तीत थोडी कुजबुज झाली, पण मोठे बाबा काही बोलले नाहीत, म्हणून बाकीचेही गप्प बसले.

वैशाख पौर्णिमेला तीन घरांतून विहारात खीर आली. वंदना झाल्यावर पोरांनी ती तिथेच बसून संपवली.

ते चित्र चार पावसाळे टिकलं. मग मागची भिंत फुगली, ती पाडून विटांची बांधली आणि तिथे विकतची मूर्ती बसवली. डोळे मिटलेली, भरल्या अंगाची. मायने तिला हात जोडले. त्या वर्षापासून ती घराच्या भिंतीवर पुन्हा चित्रं काढायला लागली. बैल, पळसाची झाडं, आणि कापूस वेचणाऱ्या बाया.