दुरुस्ती मालकाकडे

ठाण्यात आम्ही ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, तिथे स्वयंपाकघराचं एक कौल फुटलेलं होतं. बरोबर चुलीच्या वर. वडिलांनी ते कधी बदललं नाही. कौल काही सोन्याचं नव्हतं आणि शिडी शेजारी मिळत होती, पण दुरुस्ती मालकाने करायची हा त्यांचा बाणा. ‘आज आपण कौल बसवलं तर उद्या भिंतही आपल्याच गळ्यात पडेल,’ असं म्हणून ते मालकाला आणखी एक पत्र लिहायला बसायचे. शेवटी आईने चूल तीन हात सरकवली. एवढाच त्या पत्रव्यवहाराचा निकाल. आमच्या आळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांचं असंच होतं. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने भिंतीत खिळाही ठोकायचा नाही, हे आम्ही बाराखडीबरोबर शिकलो.

मी कोर्टाजवळ एका वकिलाकडे कारकून होतो. दिवसभर भाडेपट्टे आणि खरेदीखतं टाइप करायची, आणि फावल्या वेळात मोटारींच्या जाहिराती वाचायच्या. मला चालवता येत नव्हतं, विकत घ्यायची ऐपत तर सात जन्मांत नव्हती. पण वेगवान गाड्यांचं वेड असं होतं की इंजिनाच्या आवाजावरून मी गाडी ओळखायचो. स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली होती. गोरे साहेब बोजा बांधून निघाले होते आणि त्यांच्या गाड्या मागे राहत होत्या. कोणाची गाडी कधी मागायची, याचं एक शास्त्र मी बसवलं होतं. बोट सुटायला महिना असला की साहेब ताठ असतो. आठवडा उरला की तोच स्वतःहून चहा विचारतो. बायको आधीच पुढे गेली असेल तर आणखी चांगलं. या शास्त्रावर मी ओळखीच्या तिघा-चौघांना स्वस्तात गाड्या मिळवून दिल्या होत्या. मिळवून दिल्या म्हणजे काय, मिरवून घेतलं. दलाली मी कधी घेतली नाही. मला शहाणा म्हटलेलं पुरायचं.

माझा शाळेतला मित्र खाडीकाठच्या गावचा. त्याच्या बापाची मिठागरं होती. मित्र लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवून आला होता आणि तेव्हापासून त्याला एकच ध्यास होता. एकदा तो कोर्टाच्या आवारात मला शोधत आला.

“कारकुना, मना पळनारी गारी पायजे. डबा नको. आमचे गावान पयली मोटार मी आननार, ती कोनाचे पाठी राहनारी नको.”

मी लगेच कामाला लागलो. एका गिरणीच्या साहेबाकडे दोन माणसांची, उघडी, विलायती गाडी होती. लांब बॉनेट, चाकांना तारा, रंग गडद हिरवा. साहेब आधी निलगिरीला जाणार होता आणि तीन महिन्यांनी तिथूनच परस्पर बोटीला. गाडी त्याला आत्ताच विकायची नव्हती, पण उभीही ठेवायची नव्हती. मी म्हटलं, मग भाड्याने द्या. तीन महिने माझा मित्र वापरेल, पसंत पडली तर ठरल्या किमतीला घेईल आणि दिलेलं भाडं त्या किमतीतून वजा होईल. साहेबाला कल्पना आवडली. करार मीच टाइप केला. पाचवं कलम माझं स्वतःचं. भाड्याच्या मुदतीत झिजेमुळे जी दुरुस्ती निघेल ती मालकाने करायची. साहेबाने फक्त एक वाक्य वाढवायला लावलं, की त्याच्या लेखी परवानगीशिवाय केलेल्या कामाचे पैसे तो देणार नाही. मला ते रास्तच वाटलं. आमचा मालकही तेच म्हणायचा.

त्या दिवशी मी किती खूश होतो, हे आठवलं की मला अजून स्वतःची किळस येते.

कल्याणपलीकडे लढाईच्या वेळची एक धावपट्टी ओसाड पडली होती. तिथे आम्ही गाडी नेली. मित्राने पाय दाबला आणि माझी टोपी उडाली, ती परत आणायला आम्हाला बरंच मागे चालत जावं लागलं. असा आनंद मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला नाही. पण पट्टीच्या टोकाला गाडी थांबेना. मित्राने दोनदा, तीनदा पाय मारला, तेव्हा कुठे ती गवतात जाऊन उभी राहिली. आम्ही दोघंही हसलो. मोकळ्या रानात हसायला काय जातं?

परत येताना स्टेशनजवळच्या मिस्त्रीला दाखवली. तो खाली शिरला आणि बोटाला लागलेलं तेल आमच्यापुढे धरून म्हणाला, “ब्रेकचे रबर गेलेत. तेल गळतंय. मुंबईहून माल आणायचा, दोन दिवसांचं काम. तोवर पळवू नका.”

मित्राने खिशात हात घातलाच होता. मी त्याचा हात धरला.

“तू कशाला देतोस? ही झीज आहे. पाचवं कलम. मी आजच साहेबाला पत्र टाकतो.”

“अरे, रबर ते केवढं! घालून टाकू.”

“प्रश्न पैशांचा नाही,” मी म्हणालो. अगदी वडिलांच्या आवाजात. “आज रबर तू घातलंस तर उद्या इंजिनही तुझ्याच गळ्यात येईल.”

त्याने माझं ऐकलं. वर्गात तो मागे बसायचा आणि मी पुढे. कायद्याच्या गोष्टीत आपल्याला काही कळत नाही, असं त्याने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. त्याचं ते ठरवणं मी कधी खोडून काढलं नाही. मला ते सोयीचं होतं.

मी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. गाडी उभी ठेव, असं मी मित्राला सांगितलं होतं. सांगितलं होतं, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला बजावलं. पण दाराशी अशी गाडी उभी असताना ती कोण उभी ठेवेल? पायडल दोन-तीनदा दाबलं की ब्रेक लागतो, हे त्याला जमून गेलं होतं. मलाही तो दोनदा बाजारातून फिरवून घेऊन आला आणि मी बसलो.

त्याचा बाप मात्र गाडीत बसला नाही. म्हातारा अंगणात उभा राहून गाडीभोवती फिरायचा, दिव्यांवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, “परक्याचे गारीन मी नाय बसनार. आपली होव दे. मंग देवीला नारळ फोरू न मी बसन.” मित्र तो दिवस मोजत होता. बापाला शेजारी बसवून सगळ्या गावातून एक फेरी मारायची, त्याला दुसरं काहीच नको होतं.

दुसऱ्या पत्रानंतर आठ दिवसांनी, सकाळी, तो घोडबंदरच्या रस्त्याने येत होता. गायमुखाच्या उतारावर वळणापलीकडे गवताने भरलेली बैलगाडी आडवी होती. गाडीवान वाचला, बैलही वाचले. त्याने सांगितलं की मोटारवाल्याने लांबूनच हात हलवला आणि मग गाडी दरीच्या अंगाला घातली. पाय किती वेळा मारला असेल, ते गाडीवानाला कसं कळणार? मला कळतं. रात्रंदिवस मी तेच मोजत आलो आहे.

तो दुपारपर्यंत होता. मी इस्पितळात पोचलो तेव्हा नव्हता.

तिसऱ्या दिवशी निलगिरीहून पत्र आलं. साहेब दौऱ्यावर होता, उशिराबद्दल त्याने माफी मागितली होती. ब्रेकचं काम ताबडतोब करून घ्यावं, खर्च त्याच्याकडे. खाली सही. पाचवं कलम शब्दशः पाळलं गेलं होतं.

तेराव्याला मी मित्राच्या घरी गेलो. पत्र खिशात होतं. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. माणसं पांगल्यावर म्हाताऱ्याने मला ओटीवर जवळ बसवून घेतलं. मिस्त्री त्याला भेटून गेला होता.

“ब्रेक बिघरलेला, तो तुमाला ठावा व्हता?”

“होता.”

“कवरे पैसं लागलं असतं?”

मी आकडा सांगितला. चांगल्या जेवणावळीला लागतात त्याहून कमी. म्हातारा माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता हा मला मारेल, आणि मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मना सांगाचा व्हता, पोरा. तुमचेकरं नव्हतं तं मी दिलं असतं. पैशाला लाजाचा कशाला?”

पैसे नव्हते म्हणून राहिलं, असं त्याला वाटलं होतं. दुसरं काही कारण असू शकतं, हे त्या माणसाच्या मनातही येत नव्हतं.

मी मान खाली घातली आणि त्याला तसंच वाटू दिलं.