गुडघ्यातली फुप्फुसं

आमच्या दवाखान्यात एक्स-रेचे अहवाल टाइप करणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. मी शेजारच्या खोलीत एक्स-रे काढते. डॉक्टर फिल्म बघून रेकॉर्डरवर बोलतात, काकू हेडफोन लावून ते टाइप करतात आणि कागद सहीला जातो. बावीस वर्षं डॉक्टर काकूंचा कागद न वाचताच सही ठोकत आले. काकूंना दागिन्यांची हौस नाही. मिरवायला त्यांच्याकडे ही एवढीच गोष्ट.

मग कार्यालयाला सुधारणेचं वारं लागलं. संगणकावरची जुनी प्रणाली काढून एका रविवारी नवीच टाकली. सोमवारी काकू येऊन बघतात तो खालची पट्टी वर गेलेली आणि उजवीकडची बटणं डावीकडे.

"माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुणीतरी परस्पर डबे लावून गेलंय," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मी असते तर तो संगणक खिडकीबाहेर गेला असता. काकूंनी वहीच्या शेवटच्या पानावर बटणांची चित्रं काढून ठेवली आणि आठवड्याभरात त्यांचा हात बसला.

असं आम्हाला वाटलं. एक दिवस एक गृहस्थ स्वतःच्या गुडघ्याचा अहवाल घेऊन माझ्या दारात आले. सांध्याच्या वर्णनात मधोमध छापलं होतं, 'दोन्ही फुप्फुसे स्वच्छ.' खाली डॉक्टरांची झोकदार सही. गृहस्थांनी अगदी नम्रपणे विचारलं, "बाकीचं सामानही तिथेच आहे का?"

मी हसून हसून बेजार झाले. काकू हसल्या नाहीत. दोन दिवसांनी कुणाच्या तरी मनगटात दुसऱ्याच पेशंटचं नाव निघालं. तेव्हापासून डॉक्टर ओळीवर बोट ठेवून प्रत्येक कागद वाचू लागले, आणि काकू तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभ्या राहायच्या. मला ते बघवायचं नाही.

मग कार्यालयातले साहेब आले. "काकू, एक तारखेपासून जुन्या फायलींच्या खोलीत बसा. आरामाचं काम आहे."

"मी कुठे मागितला आराम?" काकू म्हणाल्या. पण साहेबांनी ठरवून टाकलं होतं. हातात उरले आठ दिवस.

काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. त्या संध्याकाळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यंत्राला कशाला बोल लावतेस? तुझा हात काय करतो, ते कुणाला तरी बघायला सांग."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला शेजारी स्टुलावर बसवलं. "तोंडाकडे नको बघूस. हाताकडे बघ."

बघितलं. टाइप झालं की काकू कागद तपासायच्या. वाचताना ओळ चुकू नये म्हणून माउस फिरवून ती निळी करायच्या. पुढचा अहवाल घेतला, की चहाचा कप उचलता उचलता माउसचं मधलं चाक दाबायच्या. जुन्या प्रणालीत चाक दाबून माउस जरा ओढला की पान आपोआप सरकायचं, चहा पिता पिता वाचता यायचं. नव्या प्रणालीत पान हललं नाही. मघाशी निळी केलेली ओळ तेवढी या अहवालात टपकन येऊन पडली. काकूंची नजर तेव्हा कपात; वर आली की ती पुढच्या ओळींवर.

"काकू, चाक!" मी ओरडलेच.

त्यांनी कप खाली ठेवून पुन्हा एकदा दाबून बघितलं. आणखी एक ओळ पडली. "म्हणजे मीच करत होते," त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "मग मलाच थांबवता येईल." चूक आपलीच निघाली म्हणून खूश होणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.

पण जित्याची खोड! चाक दाबायची सवय काही सुटेना. शेवटी काकूंनी तिलाच कामाला लावलं. रोज लागणारी वाक्यं एका फाइलीत लिहून ठेवली; हवं ते निळं करायचं, अहवालात चाक दाबायचं. चहा मात्र आता कागद छापून झाल्यावर. दुपारी एकपर्यंत चालणारं काम साडेअकराला उरकू लागलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकू अहवालांचा गठ्ठा घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. मी फिल्म द्यायला तिथेच होते. डॉक्टरांनी पहिला कागद ओढला आणि न वाचता पेन टेकवलं. मला वाटलं, जिंकल्या काकू. तर काकूंनी कागदावर हातच ठेवला.

"वाचा."

"आता काय वाचायचं? आठवड्यात एक चूक नाही तुमची."

"माझी नाही. तुमची आहे."

डॉक्टरांनी वाचलं. खांद्याचा अहवाल होता, 'उजवा' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केलेला. "तुम्ही रेकॉर्डरवर डावा म्हणालात," काकू म्हणाल्या. "पेशंटच्या चिठ्ठीवर उजवा आहे."

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. उजवाच होता. "असं आधीही झालंय?"

"महिन्यातून एकदा तरी. चिठ्ठी बघून मी बदलून टाकायचे. तेव्हा वाटायचं, आपला हात कधी चुकत नाही. आता दोघांनी बघितलेलं बरं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी साहेबांना फोन लावला, फायलींच्या खोलीसाठी दुसरं कुणीतरी बघा म्हणून सांगितलं, आणि समोरची खुर्ची काकूंकडे सरकवली. दोघांनी मिळून सगळा गठ्ठा वाचून काढला.