सासूकडे पाठ करून बसलेला वाटाड्या

गुमूरला वाळवंटातलं काही कळतं, असं सगळ्या आगादेझ शहरामध्ये फक्त गुमूरलाच वाटायचं. निळीगर्द पगडी, तिचाच फेर नाकातोंडावरून ओढलेला, वर नुसते दोन डोळे आणि तेही अर्धवट मिटलेले. हे ध्यान मालट्रकच्या पोत्यांवर चढून बसलं की नवखे प्रवासी गार पडत. मग गुमूर खाकरायचा. बोलण्याआधी खाकरायचं आणि बोलून झालं की स्वतःच स्वतःला दाद द्यायची, ही त्याची रीत.

"आमचे आजोबा, हं, डोळे मिटून वाळवंटापलीकडे बिल्म्याला जायचे. वाळू चाखायचे आणि सांगायचे, विहीर अमुक ठिकाणी. हं!"

आजोबांनी जन्मभर बकऱ्या राखल्या होत्या. त्याही संध्याकाळी दुसरंच कुणीतरी शोधून आणायचं. नातू पुढच्या गाड्यांच्या चाकोऱ्या बघून वाट दाखवायचा. चाकोऱ्या तर ड्रायव्हर लावालीलाही दिसत, पण वाटाड्याशिवाय तेनेरेच्या वाळवंटात गाडी घालायची नाही असा रिवाज, म्हणून हे लोढणं तो टपावर वागवायचा. मागच्या दोन्ही खेपांना गुमूर चुकला होता. लावालीने या वेळी निघतानाच बजावलं होतं, "आता पाणी संपेपर्यंत फिरवलंस ना, तर पुन्हा माझ्या गाडीच्या सावलीलासुद्धा उभा राहू नकोस."

"हं," गुमूर म्हणाला होता.

आणि नेमकं या खेपेला वाऱ्याने चाकोऱ्या पुसून टाकल्या, आणि बहिणीला भेटायला म्हणून गुमूरची सासू, अझहरा, गाडीत आली. ती पोत्यांवर त्याच्या डाव्या अंगाला ऐसपैस बसली.

आता सासूसमोर जावयाने खायचं नाही, प्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे तोंड करून बसायचंसुद्धा नाही. तुआरेग जमातीतल्या माणसाची लाज ती हीच. गुमूरने लाज इतकी जपली, इतकी जपली, की सकाळपासून मान उजवीकडे वळवून तो लाकडी बाहुल्यासारखा बसून राहिला. उजवीकडे काय होतं? वाळू. तिच्यामागे? वाळू.

डावीकडे दुपारी काळे खडक आले. तिथून उत्तरेला वळलं की विहीर, हे आगादेझचं शेंबडं पोरही सांगेल. पण खडक उंचवट्याआड, खाली बसलेल्या लावालीला दिसायचे नाहीत. वाटाड्याने केबिनच्या टपावर काठी आपटायची, की तो वळणार. काठी आपटली नाही. खडक मागे पडले.

अझहराने शेजारच्या मोख्तार लोहाराला कोपराने ढोसलं. लोहारांना कसली लाज नसते, म्हणून असले निरोप त्यांनीच पोचवायचे.

"जावईबापूंना विचार, मान आखडलीय का."

मोख्तार खूश. "सरदार, मोठी माणसं विचारताहेत, मान आखडलीय का? खडक गेले म्हणे."

"मोठ्या माणसांना सांग," गुमूर पलीकडच्या वाळूला म्हणाला, "मी वास घेऊन चालतोय. हं."

"कसला वास? डिझेलचा?" मोख्तारने विचारलं.

"अरे, एकदा मागे वळून बघ की!" मोख्तारच पुन्हा म्हणाला.

"आमच्यात लाज असते, मोख्तार. तुम्हा लोहारांना नाही समजायचं."

खरं म्हणजे खडक चुकले हे त्याला केव्हाच कळलं होतं, पण काठी आपटली की चूक कबूल आणि नोकरी गेली. त्यापेक्षा लाज बरी. कुणी काही बोलायची सोय नाही. बाजूला लटकणाऱ्या पाण्याच्या कातडी मशका खपाटीला गेल्या होत्या, एक बाळंतीण ओठांवरून कोरडी जीभ फिरवत होती, आणि हा मर्यादा सांभाळत बसला होता.

"पाणी किती राहिलंय ते सांग त्याला," अझहरा म्हणाली.

"सरदार, घोटभर."

"ज्याची श्रद्धा कमी त्यालाच तहान लागते. हं."

अझहरा उठली. डोक्यावरची ओढणी तिने पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली, कारण लाज तिलाही होती, फक्त तिच्या लाजेला अक्कलही होती. चाचपडत, पोती तुडवत ती पुढे गेली आणि पायातली चप्पल काढून तिने टपावर दणादण हाणली.

गाडी थांबली. लावालीने डोकं बाहेर काढलं. "काय झालं, मावशी?"

"खडक मागे राहिले. फिरव गाडी."

लावालीने वर गुमूरकडे पाहिलं. गुमूर क्षितिजाकडे बघत होता, क्षितिजानेच काही चूक केल्यासारखा.

उन्हं कलायच्या आत विहीर आली. बाळंतिणीला पहिलं पाणी दिलं. सगळे प्याले. मग लावाली गाडीला टेकून मोठ्याने म्हणाला, "मावशी, तुम्हीच बसा आता टपावर. याला इथेच सोडतो."

अझहराने मोख्तारला जवळ बोलावलं, जरी लावालीशी तिला सरळ बोलता आलं असतं. गुमूरला ऐकू जावं इतपतच ती हळू बोलली.

"ड्रायव्हरला म्हणावं, काढू नको रे त्याला. घरी बसला तर हे सगळं माझ्या लेकीला दिवसभर ऐकावं लागेल. दोन माणसं आणखी बसव टपावर, वाट बघायला. याला नुसतं फिरवून आण."

लावालीने जोरात नाक शिंकरलं आणि होकारार्थी मान डोलावली.

गाडीमागे उभा राहून चोरून पाणी पिणाऱ्या गुमूरने पगडी सारखी केली, खाकरला, आणि बाळंतिणीच्या नवऱ्याला म्हणाला, "पाहिलंस? मोठी माणसं. माझ्या बाजूने बोलली. हं!"