मिठाच्या राशीला दार

थिओफिलस सिमन्स बारा वर्षांचा असल्यापासून मिठागरात राबत होता. पन्नास वर्षं फावडं ओढून त्याचे हात खारवलेल्या मासळीसारखे झाले होते. पण होड्यांवर नावं रंगवावीत तर त्यानेच. कॅरिबियन समुद्रातल्या सॉल्ट की बेटावर इतका स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणून एकोणीसशे एकसष्ट साली धक्क्यावरच्या नव्या फळीवर ब्रिटिश वसाहतीचं बोधचिन्ह रंगवायचं काम त्याच्याकडे आलं. गुरुवारी राजधानी ग्रँड टर्कहून मोठे साहेब येणार होते.

सरकारी कारकून हरकोर्टने लंडनचा छापील कागद आणून दिला. मागे जहाज, पुढे मिठाच्या राशी, मध्ये राबणारा माणूस. आणि एका राशीला काळं दार.

हे दार थिओफिलसला शाळेपासून छळत होतं. तिकडच्या कुणा चित्रकाराला राशी म्हणजे बर्फाची घरं वाटली, असं बेटावर सगळे हसत सांगत. त्याला हसू येत नसे. चित्रातला माणूस म्हणजे त्याचा बाप, त्याचा आजा. डोक्यावरून टोपल्या वाहून त्यांनी रचलेलं मीठ ते. त्यात कोण राहणार?

त्याने दार गाळून चित्र पुरं केलं. हरकोर्टला ते चालेना. थिओफिलसने त्याला मिठागरात नेलं आणि खऱ्या राशीत फावड्याने हातभर भगदाड पाडलं. वरचं मीठ घसरून हरकोर्टच्या बुटांत गेलं.

"काका, मला कळतं हो. माझा बापही इथंच राबला. पण कागदावर आहे ना."

"कागदावर तुझ्या बापाला शेपूट असतं तर तेही रंगवू?"

हरकोर्ट बूट झटकत राहिला. दार नसेल तर ही फळी उतरवून दुसरी मागवावी लागेल, एवढंच म्हणाला.

फळी उतरली की बापही उतरणार. थिओफिलस धुमसत घरी आला. बायको इडिना मक्याच्या घाट्याचं करपलेलं भांडं घासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दार तेलरंगातच हवं, असं लिहिलंय का कागदावर?"

त्याने भांड्याच्या बुडाची काजळी पाण्यात कालवली आणि दार रंगवलं. अगदी कागदाबरहुकूम. गुरुवारी साहेब आले, बघून गेले.

रविवारी सर आली. पाऊस म्हणजे मिठाची नासाडी. जन्मभर त्याने ढगांना शिव्याच घातल्या होत्या. त्या दिवशी मात्र तो धक्क्यावर भिजत उभा राहिला. फळीवरून एक काळा ओघळ उतरला. रास पांढरी झाली.

सोमवारी हरकोर्ट दारात हजर. "काका, ते दार."

"रंगवतो की," थिओफिलस म्हणाला, आणि काजळीची वाटी घेऊन निघाला.